एकटीचं भौतिकशास्त्र

विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला आलेली मुलगी पहिल्या सत्रात ज्या गोष्टीला सर्वांत जास्त मुकते, ती पुस्तकात नसते आणि फळ्यावरही नसते. ती जिन्यात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री उशिरा फिरत असते. चौथ्या गणितात सीमाअटी कुठल्या घ्यायच्या, कुठल्या सरांना प्रश्न विचारलेले आवडतात, कुणाच्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी जागा आहे, कुठल्या शिष्यवृत्तीची मुदत याच आठवड्यात संपतेय, मागच्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरात काय आलं होतं. यातलं काहीच कुणी लपवून ठेवत नाही. ते बोलण्या-बोलण्यातून पसरतं, आणि ज्यांच्यात हे बोलणं होतं त्यांच्यात ती नसते.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे. मुली भौतिकशास्त्र सोडून का जातात, यावर जेवढ्या चर्चा ऐकल्या त्यांत आत्मविश्वास हा शब्द सारखा येतो. मुलींना आत्मविश्वास कमी, तो वाढवायला हवा, त्यांना प्रेरणा द्यायला हवी. मला हे निदान पटत नाही. आत्मविश्वास हवेतून येत नाही आणि हवेत विरतही नाही. आपण कुठे आहोत हे माणूस आजूबाजूला बघून ठरवतो, आणि आजूबाजूचं नीट दिसतच नसेल तर तो चुकीचंच ठरवणार.

समजा, क्लासिकल मेकॅनिक्सची आठ गणितं घरी सोडवायला दिली आहेत. ती एकटी बसते, रात्र जागते आणि सहा सोडवते. पाच जणांचा एक घोळका एकत्र बसतो. प्रत्येकाला दोन-तीन सुटतात, एकाचं चिन्ह चुकलेलं दुसरा दाखवतो, लॅग्रांजियन, म्हणजे ज्यातून गतीची समीकरणं निघतात ती राशी, लिहिताना एक बंधन राहून गेलंय हे तिसऱ्याच्या ध्यानात येतं, आणि सकाळी पाचही वह्यांत आठच्या आठ गणितं असतात. वर्गात आल्यावर तिला काय दिसतं? सगळ्यांना आठ आली, आपल्याला सहा. यावरून ती जो निष्कर्ष काढते तो समोर दिसणाऱ्या पुराव्याला धरूनच असतो, तरी तो साफ चुकीचा असतो: हा विषय आपल्यासाठी नाही. त्या वर्गात एकट्याच्या बळावर सर्वांत जास्त गणितं तिनेच सोडवलेली असतात, पण हे तिला सांगणारं कुणी नसतं.

विद्यापीठातल्या मुलींसाठी आधार उभा करायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर या वह्यांपाशी सुरू होतं. तिला खरी आकडेवारी दिसली पाहिजे. ती सोबतीतूनच दिसते.

उरी ट्राइसमन या गणितज्ञाने १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेच वेगळ्या संदर्भात पाहिलं होतं. कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. कारणं सगळ्यांच्या तोंडावर तयार होती: तयारी कच्ची, घरचं वातावरण, इच्छाशक्ती कमी. ट्राइसमन विद्यार्थ्यांमध्ये जाऊन राहिले, ते अभ्यास कसा करतात ते पाहत राहिले, आणि ही तयार कारणं टिकली नाहीत. मागे पडणारी मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. पुढे जाणारी मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती. त्यानंतर त्यांनी जे वर्ग सुरू केले त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. निकाल पालटले.

या हकिकतीतला ‘अवघड’ हा भाग मला फार मोलाचा वाटतो. मुलींसाठी काही करायचं म्हटलं की त्यांना सांभाळून घेण्याची भाषा सुरू होते. जादा तास, सोपं करून सांगणं, पाठीवर हात. ज्या मुलीने एकटीने सहा गणितं सोडवली तिला सोपं करून सांगण्याची गरज नाही. तिला तिच्या तोडीची, भांडायला, वाद घालायला, चूक दाखवायला माणसं हवी आहेत.

आता प्रयोगशाळेत चला. स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा अपवर्तनांक काढायचा प्रयोग आहे. टेबलाशी तिघं: दोन मुलगे, एक मुलगी. दुर्बीण दूरच्या वस्तूवर फोकस करायची, कोलिमेटरची, म्हणजे किरण समांतर करणाऱ्या नळीची, फट बारीक करत न्यायची, प्रिझमचं टेबल तीन स्क्रूंनी समतल करायचं. मग सोडियमच्या दिव्याची पिवळी रेषा शोधायची आणि प्रिझम हळूहळू फिरवत राहायचा. रेषा एका बाजूला सरकत जाते, मग थबकते आणि उलट फिरते. ती जिथे थबकते तो किमान विचलनाचा कोन, तिथे प्रकाश सर्वांत कमी वळतो. तो पकडायला डोळा आणि बोटं यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो मेळ स्वतः चार वेळा हुकल्याशिवाय बसत नाही.

पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणतं, “तुझं अक्षर छान आहे, तू रीडिंग लिहून घे.” ती वही उघडते. मुख्य पट्टी, व्हर्नियर, एकूण. एक मुलगा दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगतो, दुसरा प्रिझम फिरवतो, ती लिहिते. तिचं जर्नल वर्गात सर्वांत नीटनेटकं असतं, तिला गुणही चांगले मिळतात. सत्र संपतं आणि ती पिवळी रेषा उलट फिरताना तिने एकदाही पाहिलेली नसते. पुढच्या वर्षी लेझरची जुळवाजुळव करायची वेळ येते तेव्हा तिचा हात अडखळतो. मग तीही म्हणते आणि बाकीचेही म्हणतात की हिचा कल थिअरीकडे आहे.

तिला दुर्बिणीपासून कुणी ढकललं नव्हतं, म्हणूनच हे लक्षात यायला वेळ लागतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या चंद्रलेखा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक प्रयोगशाळांमध्ये नेमकी ही कामाची वाटणी अभ्यासली आणि २०२० साली मांडली. मुली एकतर लेखनिक होतात, नाहीतर सगळ्या गटाचं नियोजन आणि जबाबदारी अंगावर घेतात. उपकरणाशी खेळत बसण्याची, चुकत-माकत शिकण्याची मोकळीक दोन्ही भूमिकांत हातची जाते. त्याच्या कितीतरी आधी, १९९२ साली, मिनेसोटा विद्यापीठातल्या पॅट्रिशिया हेलर आणि मार्क हॉलबॉ यांनी भौतिकशास्त्राची गणितं गटाने सोडवताना काय होतं ते पाहिलं होतं. तिघांच्या गटात दोन मुलगे आणि एक मुलगी असली की चर्चा मुलग्यांच्या हातात जायची, मुलगी विषयात त्यांच्याहून पक्की असली तरी. दोन मुली आणि एक मुलगा किंवा तिघी मुलीच असा गट केला की हे होत नसे.

वर्गात मुली थोड्या असल्या की आपल्याला वाटतं, प्रत्येक गटात एकेक वाटून द्यावी म्हणजे सगळीकडे समतोल राहील. हेतू चांगलाच असतो, पण त्यातून प्रत्येक टेबलावर एक एकटी तयार होते. त्याऐवजी दोघींना एका टेबलावर बसवा आणि दर प्रयोगाला कामं फिरवा: आज जो लिहितोय तो पुढच्या वेळी दुर्बिणीवर. याला निधी लागत नाही, समिती लागत नाही. बॅचची यादी करणाऱ्या माणसाने पेन हातात घेताना एवढं मनात ठेवलं की पुरे.

मुलींना प्रेरणा म्हणून ज्या थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या मलाही प्रिय आहेत. फक्त त्या ज्या ढंगाने सांगितल्या जातात तो ढंग मला सलतो. भौतिकशास्त्रज्ञ लिझ माइट्नर १९०७ साली बर्लिनला आली. ज्या रसायन संस्थेत ओटो हान यांच्याबरोबर तिला किरणोत्साराचं काम करायचं होतं, तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. तळघरातली सुतारकामाची खोली तिला दिली गेली, तिला बाहेरून वेगळं दार होतं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायची मनाई. स्वच्छतागृहासाठी रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात जावं लागे. १९०८ साली प्रशिया या जर्मन राज्यातल्या विद्यापीठांची दारं स्त्रियांसाठी उघडली, त्यानंतर ही बंदी उठली. गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि म्हणतात, बघा केवढी जिद्द! जिद्द होतीच. पण संशोधन म्हणजे जाता-येता दुसऱ्याच्या टेबलाशी थांबणं, त्याचं उपकरण बिघडलेलं बघणं, चार वाक्यं ऐकणं. वरच्या मजल्यावर रोज जे बोललं जात होतं ते तळघरात पोचत नव्हतं, आणि त्याची भरपाई तिला कशी करावी लागली असेल, हा प्रश्न मला जिद्दीपेक्षा जास्त खुपतो.

खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांनी सांगितलं आहे की ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या ऑनर्सच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि त्या व्याख्यानाला आत शिरल्या की मुलं पाय आपटायची, शिट्ट्या मारायची, बाकं बडवायची. चेहरा लाल होऊ न देण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली. पुढे केंब्रिजला गेल्यावर, आपण इथे चुकून आलो आहोत आणि कधीतरी आपल्याला काढून टाकतील असं त्यांना वाटत असे. म्हणून त्या प्रत्येक गोष्ट कसून तपासायच्या, आणि १९६७ साली रेडिओ दुर्बिणीच्या कागदी नोंदींत तो इवलासा वेगळा संकेत त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, सापडला. १९७४चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना, मार्टिन राइल यांच्या जोडीने मिळालं.

ही हकिकत ऐकून कुणी म्हणतं, भीतीनेच त्यांना बारकाईने काम करायला लावलं ना! मी याच्याशी अजिबात सहमत नाही. ज्या माणसाला भीतीच्या ओझ्याखाली पल्सार सापडतो, त्याला ते ओझं नसतं तर आणखी काय सापडलं असतं, हे मोजायची सोय नाही, एवढंच. बेल बर्नेल यांनी स्वतः याचं उत्तर कृतीने दिलं. २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम त्यांनी ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सला देऊन टाकली, भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशा गटांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी. आपल्या वाट्याला आलेली भीती पुढच्यांना उपयोगी पडेल असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

एकट्या माणसाला काय दिसत नाही आणि सोबतीने काय दिसतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण मला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातलं वाटतं. नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ, पण गोष्ट सगळ्या विज्ञान शाखांची आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना माशांवरच्या प्रयोगांसाठी थोडी जास्त जागा हवी होती. ती मिळेना. आपली जागा मुळातच कमी आहे असं त्यांनी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मग त्यांनी मोजपट्टी घेऊन प्रयोगशाळा मोजून काढल्या. नव्याने रुजू झालेल्या पुरुष प्राध्यापकांपेक्षाही त्यांची जागा कमी भरली.

पण खरी कलाटणी पुढे आहे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हा आपला एकटीचा प्रश्न आहे, आपलंच काही चुकत असेल. तक्रारीचं पत्र लिहून त्यांनी एका सहकारी प्राध्यापिकेला दाखवलं, आणि ती म्हणाली, यावर मीही सही करेन. मग दोघी मिळून बाकीच्यांकडे गेल्या. विज्ञान विभागात कायम पदावर तेव्हा मोजक्याच स्त्रिया होत्या. त्यांतल्या सोळा जणी एकत्र आल्या. जागा, पगार, समित्यांवरच्या नेमणुका, बाहेरच्या संस्थांकडून आलेल्या नोकरीच्या प्रस्तावांना संस्थेने दिलेला प्रतिसाद: प्रत्येकीजवळ एकेक तुकडा होता आणि प्रत्येकीने तो स्वतःचं नशीब म्हणून गिळला होता. तुकडे शेजारी ठेवल्यावर चित्र दिसलं. तेव्हाचे विज्ञान विभागाचे अधिष्ठाता रॉबर्ट बर्जनो, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, यांनी ते झटकलं नाही. समिती नेमली, आकडे काढायला लावले. १९९९ साली अहवाल बाहेर आला आणि हा भेदभाव खरा आहे, हे संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केलं.

सोळा स्त्रिया, सगळ्या आपापल्या विषयातल्या अव्वल. त्यांनाही एकमेकींशी बोलेपर्यंत कळलं नाही. मग पहिल्या सत्रातल्या अठरा वर्षांच्या मुलीला ते आपसूक कळावं, अशी अपेक्षा आपण कशी ठेवतो?

माझ्या विभागात आम्ही एक बैठक भरवतो. तिला नाव नाही, फलक नाही, उद्घाटनही झालं नाही. मोठा फळा असलेली एक खोली, आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ. पहिल्या वर्षाच्या मुलींपासून पीएचडीच्या मुलींपर्यंत कुणीही यावं, आपलं अडलेलं गणित घेऊन यावं. भाषणं नाहीत. वार आणि वेळ बदलायची नाही, एकच मुलगी आली तरी खोली उघडायची, हे मात्र मी कटाक्षाने पाळते. आज आहे की नाही अशी शंका घेऊन लाजाळू मुलगी दुसऱ्यांदा येत नाही.

एकदा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बराच वेळ मागे बसून होती. निघायच्या बेतात असताना पीएचडीच्या मुलीजवळ जाऊन हळूच म्हणाली, “ताई, हसणार नाहीस ना? बिंदुभाराच्या क्षेत्राचा डायव्हर्जन्स काढला की शून्य येतो. सगळीकडे शून्य. पण बंद पृष्ठभागातून फ्लक्स तर शून्य नसतो. मग तो येतो कुठून?”

डायव्हर्जन्स म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरतं ते, आणि फ्लक्स म्हणजे पृष्ठभागातून एकूण किती बाहेर पडतं ते. ताई हसली नाही. तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाली, “सगळीकडे शून्य? ओरिजिनला काढलास का?”

“ओरिजिनला कसा काढणार? तिथे क्षेत्रच अनंत होतं.”

“मग सगळीकडे शून्य कसं म्हणतेस?”

ती फळ्याशी गेली. मूळबिंदूभोवती एक छोटा गोल काढला, त्याच्यावरून फ्लक्स काढला, ४π आला. त्रिज्या निम्मी केली, तरी ४π. आणखी लहान, तरी तेच. खडू तसाच हातात धरून ती मागे वळली आणि म्हणाली, “म्हणजे सगळं त्या एका बिंदूत आहे.” बाकीच्या जणी आपलं काम सोडून बघत होत्या. डिराकच्या डेल्टा फलनापर्यंत, म्हणजे सगळं एकाच बिंदूत एकवटलेल्या फलनापर्यंत, ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. मग दोघी-तिघींनी सांगितलं की हा प्रश्न आम्हालाही पडला होता, आम्हीही विचारला नव्हता. हा मूर्खपणाचा प्रश्न आहे असं समजून तिने तो कितीतरी महिने पोटात ठेवला होता. विषयातल्या सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी तो एक आहे.

अशा बैठकीत मी स्वतः कमी बोलते. प्राध्यापिकेपेक्षा दोन वर्षं पुढे असलेली मुलगी जास्त उपयोगी पडते, कारण ती अडचण तिच्या अंगावर अजून ताजी असते. ट्रेसी डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना वरच्या वर्गातले मार्गदर्शक दिले होते: काहींना मुली, काहींना मुलगे, काहींना कुणीच नाही. ज्यांना वरच्या वर्गातली मुलगी मिळाली त्यांच्यापैकी एकीनेही पहिलं वर्ष संपेपर्यंत शाखा सोडली नाही. गुणांमध्ये गटागटांत फरक नव्हता. आपण इथल्या आहोत ही भावना टिकली होती, आणि राहायचं की जायचं ते तिच्यावर ठरलं होतं.

मुलग्यांना या बैठकीत का घेत नाही, असं सहकारी विचारतात. दार बंद नसतं, एखादा येतो, बसतो, गणितं सोडवतो. पण खोलीत बहुसंख्य मुली असाव्यात हे मी आग्रहाने सांभाळते. बाकी सगळा आठवडा त्या अल्पसंख्य असतात. दोन तास त्यांना आपण मुलगी आहोत हे विसरून नुसतं भौतिकशास्त्र करता यावं, यासाठी ही व्यवस्था आहे.

आमच्या विषयात प्रतिभेची एक पूजा चालते, तिच्याबद्दलही लिहायला हवं. “हे तर उघडच आहे” असं म्हणून फळ्यावरच्या चार पायऱ्या गाळणारे शिक्षक, अमुक मुलगा जन्मजात हुशार आहे अशी कौतुकं, प्रश्न विचारणाऱ्याकडे टाकलेला तो कटाक्ष. सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली अमेरिकेतल्या ३० ज्ञानशाखांची पाहणी मांडली. यशासाठी उपजत प्रतिभा लागते असं ज्या शाखेतले लोक जितकं जास्त मानतात, तितकं त्या शाखेत पीएचडी मिळवणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कमी. भौतिकशास्त्र या यादीत कुठल्या टोकाला असेल ते सांगायला नको.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत हे रोज दिसतं. पहिला हात वर जातो तो बहुधा ज्येष्ठ पुरुष प्राध्यापकाचा. प्रश्न कमी आणि निवेदन जास्त. त्यानंतर मुली गप्प. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न आणखी कमी येतात, असं काही देशांतल्या विद्यापीठीय व्याख्यानांच्या निरीक्षणातही आढळलं आहे. आमच्याकडे आता व्याख्यान संपलं की पाच मिनिटं सगळे शेजाऱ्याशी बोलतात, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच घ्यायचा असतो. पाच मिनिटांत मनातला प्रश्न शेजारणीला बोलून दाखवता येतो. तो एकदा तोंडातून निघाला की मग हात वर करायला जड जात नाही.

सोबतीला एक काळी बाजूही पेलावी लागते. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या मुलींसाठी दरवर्षी परिषदा भरतात. २००६ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या सुरू झाल्या, पुढे एकाच वेळी अनेक ठिकाणी भरू लागल्या. या परिषदांना आलेल्या मुलींची २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे तीन चतुर्थांश मुलींनी भौतिकशास्त्राच्या वातावरणात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. शेरे, विनोद, बाई म्हणून कमी लेखणं, नको ती जवळीक. मुली एकमेकींना सावध करतात: त्या खोलीत एकटी जाऊ नको, त्या गाइडकडे प्रकल्प घेऊ नको. ही कुजबुज अनेकींना वाचवते. पण जिला मैत्रिणी नाहीत तिच्यापर्यंत ती पोचत नाही, आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याच्या केसालाही तिने धक्का लागत नाही. म्हणून मी आमच्या बैठकीतल्या मुलींना स्पष्ट सांगते की इथे मन मोकळं करा, पण कारवाई करणं तुमचं काम नाही. तक्रार समिती कुठे आहे, तिच्यात कोण आहे, तक्रार केल्यावर गाइड बदलून मिळतो का, तोवर शिष्यवृत्ती चालू राहते का, हे लेखी, ठळक, प्रत्येकीच्या हातात असलं पाहिजे, आणि ते देणं विभागाचं काम आहे. गाइड हाच संशोधनाची वाट, शिफारसपत्र आणि पैसा या तिन्हींची किल्ली बाळगून असेल तर मुलगी तोंड उघडत नाही. निदान दोन मार्गदर्शक असावेत, ही मागणी त्यासाठीच आहे.

आणि हे सगळं करायचं कुणी? सहसा विभागातली एकुलती एक बाई. मुलींचा प्रश्न आला, मॅडमना विचारा. समितीवर स्त्री सदस्य हवी, मॅडमना घ्या. शाळेच्या मुलींपुढे बोलायला कुणीतरी हवं, मॅडम आहेत. मी हे काम जीव लावून करते, पण त्याचे तास संशोधनातून कापले जातात, आणि बढतीच्या वेळी समोर ठेवतात ते शोधनिबंध. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर यांनी कितीतरी वर्षं विद्यापीठांत विनावेतन किंवा नाममात्र पदावर काम केलं. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद त्यांना १९६० साली मिळालं, त्यानंतर तीन वर्षांनी नोबेल. तो काळ गेला, पण बाईचं काही काम फुकट गृहीत धरण्याची खोड राहिली आहे. मार्गदर्शनाचे तास कार्यभारात मोजा. मोजले की पुरुष सहकारीही ते करायला पुढे येतात, हे मी पाहिलं आहे, आणि त्यांतले काही हे काम फार सुंदर करतात.

पुरुषांबद्दल मला हेही म्हणायचं आहे की बर्जनोंसारख्यांनी दार उघडलं नसतं तर ते पत्र फायलीत पडून राहिलं असतं. डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या गणितज्ञांनी १९१५ साली गणितज्ञ एमी नोथरना जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावलं. विद्यापीठ तिला शिकवायची अधिकृत परवानगी देईना, तेव्हा तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. सममिती आणि अक्षय्यतेचे, म्हणजे ऊर्जेसारख्या राशी कायम राहण्याचे, नियम जोडणारा तिचा प्रमेय १९१८ साली प्रसिद्ध झाला, तो आज भौतिकशास्त्राच्या पायाशी आहे. १९३३ साली नाझींनी तिला काढून टाकल्यावर ती अमेरिकेत ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात आली. तिथे गणित विभागाच्या प्रमुख ॲना पेल व्हीलर होत्या, त्या स्वतः ग्योटिंगेनमध्ये शिकलेल्या. नोथरभोवती विद्यार्थिनींचा एक छोटा गट जमला. १९३५ साली ती गेली, म्हणजे जेमतेम दीड वर्ष मिळालं. पण तिचे संदर्भ कळणारी बाई विभागप्रमुख असणं, ही सोबत तिला उशिरा का होईना लाभली याचं मला बरं वाटतं.

आता नवं सत्र सुरू होतंय. विभागप्रमुखांकडे मी एक टिपण दिलं होतं. प्रयोगशाळेच्या बॅचमध्ये एकटी मुलगी ठेवायची नाही आणि कामं फिरवायची, हे मान्य झालं, याद्या तशाच लागल्या आहेत. प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला दुसरा मार्गदर्शक, हेही तत्त्वतः मान्य झालं आहे, नावं ठरायची आहेत. तिसरा मुद्दा अडला आहे. एका संशोधिकेचं बाळ लहान आहे, आणि तिला लागणाऱ्या उपकरणाची वेळ फक्त रात्रीची मिळते. ज्यांच्याकडे दिवसाची वेळ आहे त्यांच्यातल्या कुणी ती बदलून द्यायला हवी. तिघांशी बोलून झालं, एकाने विचार करतो म्हटलंय. बैठकीतल्या मुलींनी मागच्या वर्षीचं उपकरणाचं वेळापत्रक काढून, कुठल्या दिवसाच्या वेळा नोंदवून रिकाम्या गेल्या ते तारीखवार लिहून काढलं आहे. सोमवारच्या विभागीय सभेत तो कागद मी टेबलावर ठेवणार आहे.